पुसेगावची जत्रा, आप्पा आणि खिल्लार

रविवार, रात्री उशिरा

पोरं झोपलीत, पाय भरून आलेत, पण आत्ता लिहिलं नाही तर उद्या डब्याच्या गडबडीत सगळं राहून जाईल म्हणून बसलेय. आज पुसेगावला गेलो होतो, सेवागिरी महाराजांच्या यात्रेला. रथाचा दिवस मुद्दाम टाळला. मार्गशीर्ष वद्य दशमीला तिथं पाय ठेवायला जागा नसते, रथाला नोटांच्या माळा घालायला कुठून कुठून लोक येतात, त्या गर्दीत आप्पांना आणि छोटीला सांभाळणं अवघडच. आणि आप्पांना बघायचा होता तो बैलबाजार. आई-आप्पा महिनाभर साताऱ्याला आमच्याकडं आहेत, रोज गॅलरीत बसून रस्त्यावरच्या गाड्या बघतात, तेव्हाच ठरवलेलं की यात्रेला न्यायचंच.

सकाळी लवकर निघालो. कोरेगाव मागं पडलं, वर्धनगडचा घाट ओलांडला की खटाव तालुका सुरू, तिथून पुढं आप्पा एकदम बोलायलाच लागले, ही विहीर कुणाची, ह्या रानात पूर्वी काय पिकायचं, येरळा नदीला पाणी असायचं तेव्हा यात्रेतली जनावरं कुठं पाण्यावर न्यायचे. पोरगा आठवीत आहे, कानातली हेडफोन काढून ऐकत होता. दादा गावाकडनं मोटरसायकलवर थेट यात्रेत आला.

आधी दर्शन घेतलं, मग कृषी प्रदर्शनाच्या मंडपात शिरलो. ड्रिपवाले, मल्चिंग पेपर, सोलर पंप, उसाला आणि आल्याला भर लावायचे पॉवर टिलर, नुसती पत्रकं गोळा करून पिशवी भरली. फवारणीच्या ड्रोनभोवती पोरांचा गराडा होता. दादा मात्र बटाटा लावायच्या यंत्रापाशी बराच वेळ थांबला. आमच्या भागात पावसाळी बटाटा भरपूर, लावणीला बायका मिळत नाहीत ही दरवर्षीची बोंब. आई म्हणाली बायका मिळत नाहीत कारण मजुरी परवडण्यासारखी देत नाही तुम्ही. बरोबरच आहे तिचं.

बैलबाजारात शिरलो आणि आप्पा वेगळेच झाले. एरवी जिना चढताना कठड्याला धरतात, इथं काठी पोराच्या हातात दिली आणि दावणीतनं सरळ चालायला लागले. दोन्ही बाजूला खिल्लार, पांढरीशुभ्र, कोसा रंगाची, मागं जाऊन वर वळलेली लांब शिंगं, शिंगांच्या टोकांवर शेंब्या म्हणजे टोपणं, गळ्यात घुंगरमाळा, काहींच्या अंगावर झुली. उन्हात ते सगळं बघताना माझं मन भरून आलं, खरंच. माणदेशातलं जनावर हे. कमी चाऱ्यावर, कमी पाण्यावर, तापलेल्या माळावर राबणारं. गाय वासराला पुरून घरात चहापुरतं दूध देते म्हणून जर्सी-एचएफ ह्या जास्त दुधाच्या परदेशी गाई आल्यावर गोठ्यातनं ती मागं पडली, ट्रॅक्टर आल्यावर बैलही गेले. आमच्याकडची शेवटची जोडी विकली तेव्हा मी कॉलेजला होते, आप्पा दोन दिवस जेवले नव्हते.

पोराला एक पांढरा खोंड आवडला, म्हणाला आजोबा हा बघा कसला भारी आहे. आप्पा म्हणाले, "रंग शेवटी बघायचा. आधी दात." मालकाला विचारून त्यांनी खोंडाचा खालचा ओठ हळूच खाली केला आणि पोराला वाकून बघायला लावलं. जनावराला वर पुढचे दातच नसतात हे त्याला माहीतच नव्हतं! खालचे आठ दात, त्यातले दुधाचे असतील तर आदत, मधले दोन मोठे आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे पुरे झाले की जुळला. दुसा म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचा. मग खूर, मग वशिंड, मग अंगावरचे भोवरे, शेवटी मालकाला थोडं चालवून दाखव म्हणाले. मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर पडतो का तेवढंच बघत होते. मालकही खूश झाला, म्हणाला आबा तुम्ही जुने दिसताय. दीड लाख सांगितले त्यानं.

शेजारीच एक सौदा चाललेला. दोघांनी हातावर टॉवेल टाकला, आत बोटं दाबूनच भाव सांगितला, तोंडानं आकडा नाही, मग एकानं मान हलवली आणि हात काढून घेतला. पोरगा म्हणाला मोबाईलवर आकडा टाइप करून दाखवायचा ना. आप्पा म्हणाले बाजारात चार डोळे बघत असतात, सौदा मोडला तर पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा भाव कळता कामा नये. मला हे आजवर कधी सुचलंच नव्हतं, लहानपणापासून बघतेय तरी.

कानातला पिवळा बिल्ला मात्र आता प्रत्येकाला. त्याचा 12 अंकी नंबर असतो, त्याच्याशिवाय खरेदी-विक्री नाही. आप्पांना तो पहिल्यांदा खटकला पण दादानं समजावलं, 2022 ला लंपी ही जनावरांची साथ आली तेव्हा राज्यभर जनावरांचे बाजार बंद करावे लागलेले, कुठलं जनावर कुठनं आलं, लस झाली का, हे कळायला पाहिजेच.

बहुतेक गिऱ्हाईक बैलगाडा शर्यतीवालं. 2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या, डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली आणि 2023 च्या मे महिन्यात घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला. त्या मधल्या वर्षांत खोंडाला कुणी विचारत नव्हतं, आज पळणाऱ्या बैलाला लाखांत भाव आहे. मला शर्यतीत काही वेळा जनावराचे हाल होतात ते अजिबात बघवत नाही आणि तिथं नियम कडक पाळलेच पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे, पण शर्यत थांबली तेव्हा गोठे रिकामे झाले हेही आम्ही डोळ्यांनी बघितलंय. नुसत्या पळण्यासाठी नको, कोळपणीसाठी, शेणासाठी, ह्या मातीतली जात टिकावी म्हणून चार घरांनी तरी खिल्लार ठेवली पाहिजे.

दुपारी गाडीच्या सावलीत चटई टाकून भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, वर यात्रेतली गरम जिलेबी. तिथंच पोरानं विषय काढला की मामा आपण एक गाय घेऊया. दादा हसला नाही, लगेच हिशोबच मांडायला लागला, कडबा किती, उन्हाळ्यात पाणी कुठनं, दूध डेअरीला घालण्याइतकं निघणार नाही मग खर्च कशातनं काढायचा. आई म्हणाली शेण कोण काढणार ते आधी बोला, मी आणि वहिनीच ना? सगळे गप्प. मग आप्पा म्हणाले मी गावाला जातो, मी काढीन. ह्यांनी लगेच डॉक्टरांची तारीख आठवून दिली. आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

छोटी पाळण्यात बसली, रेवड्या-बत्तासे घेतले, पोरानं स्वतःच्या पैशांनी एक गोंड्याची म्होरकी घेतली, जनावराच्या तोंडाला बांधायची. गाय नाही आणि म्होरकी कशाला असं मी म्हणणार होते पण नाही म्हटलं.

दादाचा आत्ता मेसेज आला. गोठ्याचे दोन पत्रे सडलेत, ते आधी बदलून घेतो, आणि चैत्रात खरसुंडीच्या यात्रेला गाभण गाय मिळाली तर बघू म्हणतोय. वहिनीला विचारून मगच, असं मी त्याला लिहिलंय.