लँडफिल गॅसची वीज विहिरीच्या व्हॉल्व्हवर ठरते

कचऱ्याच्या डोंगरावर, म्हणजे लँडफिलवर, वीजप्रकल्प उभा राहिला की पाहुण्यांना आधी इंजिन दाखवतात. पण इंजिन विकत मिळतं. गॅस मात्र रोज सांभाळावा लागतो.

आधी हिशेब. हवेशिवाय कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड. अशा एका घनमीटरात सुमारे ५ युनिट ऊर्जा असते आणि इंजिनातून हाती येते जेमतेम २ युनिट वीज. म्हणजे १ मेगावॉटला तासाला ५०० ते ५५० घनमीटर गॅस अखंड लागतो.

हा गॅस कचऱ्यात खोदलेल्या विहिरींतून ओढून घेतात. विहिरीसाठी ६० ते ९० सेंटीमीटर व्यासाचं भोक घेतात. तळाच्या अस्तराला धक्का लागू नये म्हणून खोली कचऱ्याच्या पाऊणपट ठेवतात. आत छिद्रांचा एचडीपीई (टणक प्लास्टिक) पाइप, भोवती खडी. चुनखडीची खडी नकोच, आम्लधर्मी पाण्यात ती विरघळते. वरचा भाग बिनछिद्राचा, भोवती बेंटोनाइटचा, म्हणजे ओलाव्याने फुगणाऱ्या मातीचा, थर. तो सुकून चिरला की तिथूनच हवा शिरते.

खरं कौशल्य व्हॉल्व्ह लावण्यात आहे. कचरा देतो त्याहून जास्त ओढलं की हवा आत जाते, मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव मरतात आणि कचऱ्याच्या पोटात आग धुमसू लागते. विहिरीतल्या गॅसचं मीटर नीट वाचा. ऑक्सिजन आणि नायट्रोजन हवेतल्याच प्रमाणात, म्हणजे १ भागास ४ भाग, वाढले असतील तर वेलहेडचा (विहिरीच्या तोंडावरच्या जोडणीचा) होज किंवा जोड गळतोय. नायट्रोजन भरपूर पण ऑक्सिजन जवळपास शून्य असेल तर प्रकरण गंभीर: हवा कचऱ्यातून येतेय आणि ऑक्सिजन आतच खपतोय. व्हॉल्व्ह किंचित मिटा, एक दिवस थांबा, मग पुन्हा मोजा. तापमान ५५ अंशांपुढे गेलं तर आतल्या आगीची खूण म्हणून कार्बन मोनॉक्साइड तपासाच.

दुसरा त्रास पाण्याचा. गरम, ओलसर गॅस पाइपात थंड होतो आणि पाणी सुटतं. म्हणून कचऱ्यावरच्या पाइपला किमान ३ टक्के उतार हवा. कचरा खचला की पाइपला झोळ पडतो, तिथे पाणी तुंबतं. आतून गुडगुड ऐकू येते आणि व्हॅक्यूम गेजचा काटा नाचतो.

शाम्पू आणि सौंदर्यप्रसाधनांतलं सिलॉक्सेन (सिलिकॉनयुक्त रसायन) गॅसबरोबर इंजिनात येतं आणि जळून पिस्टनवर पांढरा थर बसतो. चिमटीत चोळला तर बारीक वाळूसारखा कचकचतो, कारण ती सिलिकाच असते. त्याला उपाय ॲक्टिव्हेटेड कार्बन, पण गॅस ओला असेल तर कार्बन लवकर निकामी होतो. म्हणून गॅस आधी ५ अंशांच्या आसपास थंड करून पाणी काढायचं, मग थोडा तापवून कार्बनमधून न्यायचा. हायड्रोजन सल्फाइडमुळे ऑइल आम्लधर्मी होतं, तेव्हा ऑइलची तपासणी चुकवू नका.

या विजेची घरांपर्यंत वेगळी तार जात नाही; ट्रान्सफॉर्मरमार्फत ती ग्रिडमध्ये, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्यात, मिसळते. ग्रिड गेली की इंजिन ट्रिप होतं आणि विहिरींतून गॅस ओढणारा ब्लोअरही बंद पडतो. ओढ थांबलेला गॅस मातीतून आडवा सरकून शेजारच्या घरांच्या तळघरात साठू शकतो, आणि हवेत ५ ते १५ टक्के मिथेन म्हणजे स्फोटाची तयारी. ब्लोअर आणि फ्लेअरसाठी (उरलेला गॅस जाळणाऱ्या ज्योतीसाठी) स्वतंत्र जनरेटर ठेवा आणि दर महिन्याला तो लोडवर चालवून पाहा.