२००१ ची ओळ

आमच्याकडे संगणकावरच्या तक्त्यात लाल चौकोन म्हणजे चूक आणि हिरवा म्हणजे बरोबर. नव्या मुलांना पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं जातं, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो.

पुण्यात खराडीला एका कंपनीत मी अकरा वर्षं खेळांच्या नोंदी तपासते आहे. लोकांना वाटतं, आम्हाला दिवसभर मॅच बघायला मिळतात. मॅच कधीच दिसत नाही. दिसतात ती जुन्या वर्तमानपत्रांची स्कॅन केलेली धुरकट पानं. एखादा आकडा ३ आहे की ८, हे डोळ्यांनी ठरवायचं नसतं. एकेका डावाच्या धावा मिळवायच्या, बेरीज ओळीच्या शेवटच्या आकड्याशी लावून बघायची. ३ धरून बेरीज जुळली, तर तो ३. असं करत शंभर वर्षांपूर्वीची एक आख्खी दुपार जुळून येते तेव्हा मला आजही आनंद होतो.

त्या आठवड्यात हातात होता इंटरनॅशनल लीगच्या विजेत्यांचा तक्ता. अमेरिकेतल्या मेजर लीगच्या बरोबर एक पायरी खालची ही बेसबॉल लीग, मुळं थेट १८८४ पर्यंत जाणारी. रॉचेस्टर, बफेलो, डरहॅमसारखी शहरं. एके काळी माँट्रियल आणि टोराँटोही होती, इतकंच काय, क्यूबातलं हवानासुद्धा, आणि १९५९ चा विजेतेपदाचा कप हवानानेच नेला. १९४६ ची ओळ मी मुद्दाम स्वतः भरली. त्या वर्षी माँट्रियलकडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू खेळला, मेजर लीगचं दार त्याच्यासाठी उघडण्याच्या एक वर्ष आधी. माँट्रियल साखळीतही पहिलं आणि कपही त्यांचाच. अशी ओळ एका मिनिटात होते.

शुक्रवारी संध्याकाळी काम पाठवायचं होतं. दुपारी चारला तक्ता उघडला तर सगळा हिरवा. मला तेच खटकलं, कारण १९३३ ची ओळ हिरवी होऊच शकत नाही.

झालं होतं असं, की मंदीच्या काळात एखादा संघ फार पुढे निघून गेला की बाकीच्या गावांतले प्रेक्षक मैदानाकडे फिरकेनासे व्हायचे. माँट्रियल संघाचा कारभार पाहणाऱ्या फ्रँक शॉनेसीने तोडगा काढला: साखळीतल्या चार संघांना बाद फेरीत घ्या, म्हणजे चौथ्या क्रमांकासाठीसुद्धा शेवटपर्यंत चुरस राहील. १९३३ मध्ये ही पद्धत सुरू झाली आणि विजेत्याला गव्हर्नर्स कप मिळू लागला. पहिल्याच वर्षी साखळीत नेवार्कने १०२ सामने जिंकले आणि बाद फेरीत रॉचेस्टरकडून ते हरले. कप जिंकला बफेलोने. त्यांची साखळीतली कामगिरी ८३ विजय, ८५ पराभव. विजयांपेक्षा पराभव जास्त असलेला विजेता! आमच्या तपासणीच्या नियमाला हे चालत नाही, चौकोन लाल होतो. तिथे शेरा लिहून वरिष्ठांकडे पाठवायचं असतं. आमच्या टीममधल्या नव्या मुलाने बफेलो खोडून नेवार्क लिहिलं होतं.

मग मी प्रत्येक ओळ पुन्हा बघायला घेतली आणि २००१ पाशी थांबले. विजेता लुईव्हिल, प्रतिस्पर्धी स्क्रँटन/विल्क्स-बॅरी, निकाल ३-०. नावं बरोबर. पण सामन्यांची वेगळी शीट असते, तारीखवार. तिच्यात अंतिम फेरीचा एकच सामना होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या सामन्याच्या ओळी कोऱ्या.

कोऱ्याच असणार. पहिला सामना लुईव्हिलने जिंकला आणि मग ११ सप्टेंबर उजाडला. मालिका तिथेच थांबली. पुढे असलेल्या लुईव्हिलला विजेता घोषित केलं गेलं. पाच सामन्यांच्या मालिकेत विजेत्याचे तीन विजय हवेत असा आमचा नियम, म्हणून १-० लाल होत होतं. ३-० टाकलं की हिरवं.

मी त्या नव्या मुलाला बोलावलं. "हे तीन-शून्य कुठून आलं?"

"ताई, एक-शून्य घेतच नव्हतं. मला वाटलं दोन सामने शीटमध्ये भरायचे राहिले असतील."

मुलगा खोटारडा नाही. दिवसाला इतक्या ओळी झाल्याच पाहिजेत हा हिशेब त्याच्या डोक्यावर आहे, आणि लाल ओळीला वेळ लागतो तो कोणी मोजत नाही. पण न झालेले दोन सामने आम्ही जगाला सांगणार होतो, आणि तेही त्या आठवड्यातले. रागापेक्षा मला भीती जास्त वाटली. याआधी असे किती चौकोन हिरवे झाले असतील?

सरांना फोन केला. ते म्हणाले, "आज पाठवून द्या, सोमवारी दुरुस्ती करू." मी नाही म्हणाले. आमच्याकडे दुरुस्त्या सोमवारी होत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. रात्री साडेनऊपर्यंत बसून मी आणि त्या मुलाने एकेक ओळ सामन्यांच्या शीटशी ताडून पाहिली.

मधे त्याला मी रणजीचं सांगितलं. २०२५ मध्ये नागपूरला विदर्भ आणि केरळचा अंतिम सामना अनिर्णित राहिला. ३७९ विरुद्ध ३४२, पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ विजेता. "सामना जिंकला नाही म्हणून विदर्भाचं नाव खोडशील?" तो नागपूरचाच. लगेच म्हणाला, "नियमच तसा आहे ना, ताई." बफेलोही १९३३ च्या नियमानेच जिंकलं होतं. ते त्याला पटलं आणि त्याने स्वतःच्या हाताने नेवार्क खोडलं.

२००१ मध्ये मी १-० ठेवलं, ओळ लालच ठेवली आणि शेरा लिहिला: "उर्वरित सामने रद्द. लुईव्हिल विजेता घोषित."

त्यावर तो विचारतो, "मग स्क्रँटनवाले हरले का?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. तक्त्यात त्यांच्यासाठी "उपविजेता" एवढाच रकाना आहे. एक सामना हरले हे खरं, पण पुढचे सामने त्यांना मिळालेच नाहीत.

सोमवारी पॅसिफिक कोस्ट लीग या तशाच दुसऱ्या बेसबॉल लीगचा तक्ता आला. त्याच वर्षी, त्याच कारणाने तिथेही अंतिम फेरी झाली नाही. तिथे न्यू ऑर्लिन्स आणि टॅकोमा दोघांनाही संयुक्त विजेते ठरवलं गेलं. विजेत्याच्या रकान्यात आमचा फॉर्म एकच नाव घेतो. त्याने ती ओळ भरली नाही. तशीच लाल ठेवली आणि मला येऊन सांगितलं.