डावीकडचा व्हॉल्व्ह

मित्राने रेडिओ ट्रान्समीटरचा अँप्लिफायर टेबलावर ठेवला आणि कापडात गुंडाळलेला एक ३-५००झेड, म्हणजे त्यातल्या काचेच्या दोन व्हॉल्व्हपैकी एक, माझ्या हातात दिला. "हा गेला. दोन महिन्यांपूर्वी नवा घातला, तर तोही मंदावलाय. आउटपुट निम्म्यावर आलंय. आता जोडीच बदलू या."

दोन्ही वेळा डावीकडचाच व्हॉल्व्ह गेला होता. मला ते खटकलं.

आधी प्लग काढला. थोडा वेळ थांबून हाय व्होल्टेज (एचव्ही) मीटरने मोजलं, शून्य दिसल्यावरही शॉर्टिंग स्टिक, म्हणजे उरलेला भार जमिनीत सोडणारी काठी, लावलीच. कपॅसिटर रिकामा करणारा ब्लीडर रेझिस्टर आतून तुटला असेल तर कपॅसिटरमध्ये ३००० व्होल्ट तसेच बसलेले असतात, त्यामुळे इथे मी कधीच घाई करत नाही. मग एचव्ही ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे वीज आत घेणारी बाजू, सोडवली आणि व्हॉल्व्हच्या आतल्या नुसत्या तापणाऱ्या तारा, फिलामेंट, पेटवल्या. उजवा व्हॉल्व्ह लख्ख, डावा पिवळसर. दोघांची अदलाबदल केली, तर मघाचा लख्ख व्हॉल्व्ह डावीकडे येताच पिवळा पडला. म्हणजे दोष सॉकेटमध्ये होता.

अँप्लिफायर उलटा करून मीटरचं एक टोक सॉकेटच्या क्लिपवर आणि दुसरं त्यातून बाहेर आलेल्या पाच नंबरच्या पिनच्या टोकावर ठेवलं. एकमेकांना चिकटलेल्या त्या दोन धातूंमध्ये ०.७ व्होल्ट! हे फिलामेंट ५ व्होल्टवर जवळजवळ साडेचौदा अँपिअर घेतं. क्लिपची पकड सैल होऊन ०.०५ ओहम रोध जरी आला, तरी फिलामेंटला ४.३ व्होल्टच उरतात, त्यातून बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन घटतात आणि त्या एवढ्याशा जागी दहा वॅट उष्णता साठते. क्लिप काळीनिळी झाली होती.

पण मग 'गेलेला' व्हॉल्व्ह? तो उजव्या, चांगल्या सॉकेटमध्ये घातला, तर फिलामेंट लुकलुकायला लागलं. मित्राचं म्हणणं खरंच वाटावं असं. बाहेर काढून भिंगाखाली धरला. पाच नंबरच्या पोकळ पिनच्या टोकाला सोल्डरच नव्हतं; वितळून ओघळलं होतं आणि आतली तार सुटी हलत होती.

एवढी उष्णता का साचली, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. पंख्याच्या वायरीत एक रेझिस्टर सापडला. "आवाज फार व्हायचा, म्हणून मी घातला," मित्र म्हणाला. या व्हॉल्व्हच्या बुडाला वारा मिळालाच पाहिजे; आतली धातूची प्लेट लालसर होणं त्याला चालतं, पिना तापणं चालत नाही.

रेझिस्टर काढला, सॉकेट बदललं. पिनेवर ओघळलेलं जुनं सोल्डर खरवडून जास्त तापमानाला वितळणारं नवं भरलं, आणि तो टाकून दिलेला व्हॉल्व्ह डावीकडे बसवला. पिनेवर ४.९५ व्होल्ट. एचव्ही जोडून कॅरिअर, म्हणजे नुसता अखंड रेडिओ सिग्नल, दिला तेव्हा दोन्ही प्लेटा सारख्याच लालसर झाल्या. मित्र बराच वेळ डावीकडेच बघत बसला होता.