राजमाचीच्या वाटेवरची कळलावी

राजमाचीला या वेळी कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्यावरून चढलो. गडाचे दोन्ही बालेकिल्ले, श्रीवर्धन झाला, मनरंजन झाला, उधेवाडीत चुलीजवळ बसून पिठलं-भाकरी झाली. डोक्यातून जात नाहीये ती मात्र उतरतानाची कळलावीची वेल.

कारवीला धरून ती वर चढली होती. तिच्या पानाचं टोकच दोऱ्यासारखं लांबतं आणि सापडेल त्या काटकीला वेढा घालतं. फूल खाली मान घालून लोंबतं, पण सहाही पाकळ्या उलट्या, वर उसळलेल्या. कडा मुरडलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. अग्निशिखा का म्हणतात ते विचारावं लागत नाही. भर पावसात मी उकिडवी बसून बघत राहिले.

तेवढ्यात मागून एक ग्रुप आला. ‘बाल्कनीत मस्त दिसेल’ म्हणत एकाने वेल ओढलीच. ओल्या मातीतून कंदही वर आला, नांगरासारखा दोन फाट्यांचा. संस्कृतातलं लांगली हे नाव त्यावरूनच पडलंय. मला भयंकर राग आला. यात कोल्चिसिन नावाचं विषारी द्रव्य असतं, गाउटवर, म्हणजे सांधे सुजून ठणकतात त्या आजारावर, तेच औषध देतात, पण हा कंद पोटात गेला तर माणूस दगावतो, असं सगळं मी त्याला सांगितलं. त्याने पिशवी उघडली.

गुरांमागून येणारी एक मावशी थांबली. “ठेव ते खाली, बाबा. घरात न्यायची नसती ती, भांडणं लागत्यात.” त्याने मुकाट्याने ठेवला.

मग तिने मला सांगितलं, बाई अडली की पूर्वी हा कंद उगाळून तळपायाला लावायचे, कळा याव्यात म्हणून. बाळ सुटलं की लगेच धुऊन काढायचा, एक क्षण ठेवायचा नाही. तिच्या थोरल्याच्या वेळी सासूने लावला होता. डॉक्टर नसलेल्या वाडीत दुसरं काय हाताशी होतं?

तिला एक गोष्ट मी सांगितली नाही. कॉलेजात असताना मीही माळशेजहून असाच कंद आणला होता. कोंब कंदाच्या टोकाशी असतो. पिशवीत कोंबताना टोकंच मोडली. कुंडीत काहीच उगवलं नाही.

मावशीने काठीने खड्डा उकरला, कंद आत ठेवला, टाचेने माती दाबली आणि गुरांना हाका मारत उतरून गेली.