जार बदलली आणि फाइल उघडेना: एच२ डेटाबेस १.४ वरून २.२ वर नेताना

दुकानांसाठीच्या आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये डेटाबेस ॲपच्या पोटातच असतो. जावातला एच२, एकच जार (जावा लायब्ररीची फाइल), आणि ग्राहकाच्या मशीनवर एकच .एमव्ही.डीबी फाइल. सर्व्हर नाही, सांभाळायला माणूस नाही. सुरक्षा तपासणीत १.४.२०० या आवृत्तीवर बोट ठेवलं गेलं, कारण एच२ च्या कन्सोलमधून (ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या व्यवस्थापन-स्क्रीनमधून) परका कोड चालवता येण्याचं भगदाड २.०.२०६ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये, बुजवलेलं आहे. आमचं ॲप कन्सोल सुरूच करत नाही, त्यामुळे थेट धोका नव्हता. पण २०१९ ची जार किती दिवस ओढायची?

हलवायचंच आहे तर एसक्यूलाइटवर, म्हणजे असाच ॲपच्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्या डेटाबेसवर, का जाऊ नये, हा प्रश्न आधी सोडवला. एसक्यूलाइटचा फाइल फॉरमॅट २००४ च्या ३.० पासून टिकून आहे. तेव्हाची फाइल आजही उघडते. एच२ ने १.४ नंतर तो दोनदा मोडला, एकदा २.० मध्ये आणि पुन्हा २.२.२२० मध्ये. वीज गेली तर काय, यातही एसक्यूलाइट उजवं आहे. एच२ मध्ये कमिट झाल्यावर, म्हणजे बदल पक्का झाल्यावर, डेटा डिस्कवर जायला डीफॉल्ट ५०० मिलिसेकंदांची सवलत असते, म्हणजे शेवटचं बिल हरवू शकतं. मात्र एसक्यूलाइटमध्ये खरा डेसिमल प्रकार नाही, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वेगळी नेटिव्ह लायब्ररी लागते, आणि आमच्या सगळ्या क्वेऱ्या पुन्हा तपासाव्या लागल्या असत्या. नव्याने सुरुवात असती तर रक्कम पैशांत पूर्णांक ठेवून एसक्यूलाइटच घेतलं असतं. चालू ॲपसाठी एच२ ठेवलं, आणि बिल सेव्ह झाल्यावर ‘चेकपॉइंट सिंक’ ही आज्ञा देऊ लागलो. ती बफरमधला डेटा डिस्कवर ढकलते.

आवृत्ती २.२.२२४ निवडली. २.३ ला जावा ११ लागतं, आणि दुकानांतल्या कितीतरी मशीन अजून जावा ८ वर आहेत.

नुसती जार बदलली की एरर येतो: ९००४८, आणि खाली ‘राइट फॉरमॅट १ हा चालणाऱ्या फॉरमॅट ३ पेक्षा लहान आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. फाइल खराब झालेली नसते. जुन्या जारने सगळा डेटा एसक्यूएल स्क्रिप्टमध्ये काढायचा आणि नव्या जारने रिकाम्या डेटाबेसमध्ये भरायचा, याशिवाय वाट नाही. दोन्ही जारमध्ये पॅकेजचं नाव एकच असल्याने त्या एका क्लासपाथवर (जावा जिथे जार शोधतं त्या यादीत) ठेवू नका. आम्ही दोन वेगळ्या प्रोसेस चालवतो: पहिली १.४.२०० ची ‘स्क्रिप्ट’ टूल, दुसरी २.२.२२४ ची ‘रनस्क्रिप्ट’ टूल.

पहिल्या पायरीतला सगळ्यात वाईट सापळा म्हणजे चुकीचा पाथ. एच२ ला तिथे फाइल सापडली नाही तर ते तक्रार करत नाही, गुपचूप नवा रिकामा डेटाबेस बनवतं. मग रिकामी स्क्रिप्ट निघते, ती नीट भरली जाते, आणि ‘अपग्रेड यशस्वी’ दिसतं. डेटाबेसच्या यूआरएलमध्ये (जोडणीच्या पत्त्यात) ‘इफएक्झिस्ट्स=ट्रू’, म्हणजे ‘फाइल असेल तरच उघड’, हवंच. सोबत डेटा फक्त वाचण्याचा मोड द्या, म्हणजे जुन्या फाइलला धक्का लागणार नाही. कॅरेक्टर सेट दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ असा स्पष्ट लिहा.

दुसऱ्या पायरीत ‘फ्रॉम_१एक्स’ हा पर्याय विसरलात तर स्क्रिप्ट पहिल्याच काही टेबलांवर अडखळते. १.४ आपोआप वाढणाऱ्या आयडीचे कॉलम ज्या जुन्या पद्धतीने लिहितं, ती नव्या आवृत्तीला या पर्यायाशिवाय कळत नाही. भरून झाल्यावर दोन्हीकडे प्रत्येक टेबलाच्या ओळी मोजा, रकमांच्या कॉलमची बेरीज जुळवा, आणि सर्वात मोठा आयडी सिक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा मोजक) यापुढे देणार असलेल्या आकड्यापेक्षा लहान आहे ना, ते पाहा. हे जुळल्याशिवाय जुन्या फाइलचं नाव बदलू नका. पुसू तर नकाच.

डेटा आला तरी ॲप लगेच चालत नाही. यूआरएलमधले एमव्हीसीसी आणि मल्टी-थ्रेडेड हे जुने पर्याय काढावे लागतात, नाहीतर ९०११३ एरर. ‘व्हॅल्यू’, ‘यूजर’, ‘इयर’ हे आता राखीव शब्द आहेत. आर्थिक वर्षाचा कॉलम ‘इयर’ असेल तर क्वेरी तिथेच मोडते. असा शब्द दुहेरी अवतरणात घातलात तर नाव कॅपिटल अक्षरांत लिहा, कारण अवतरणाशिवाय बनवलेली नावं एच२ ने कॅपिटलमध्येच साठवलेली असतात.

राखीव शब्द निदान एरर तरी देतो. ‘डेसिमल’ देत नाही. नवं टेबल बनवताना कंसात आकडे न देता नुसतं ‘डेसिमल’ लिहिलं तर २.x मध्ये दशांशानंतरची स्थळं शून्य धरली जातात. १४९.५० रुपये साठवले की १५० होतात. ताळेबंद जुळेनासा झाल्यावरच ते लक्षात येतं. टेबल बनवणाऱ्या प्रत्येक ओळीत १५ अंक, २ दशांश असं लिहून टाका.

मराठी नावांच्या यादीसाठी इथे एक संधी आहे. डीफॉल्ट क्रम युनिकोडच्या आकड्यांप्रमाणे लागतो, म्हणून ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर आहे. ‘सेट कोलेशन’ या क्रम ठरवणाऱ्या आज्ञेने आयसीयू४जे या जावातल्या युनिकोड लायब्ररीचा मराठी क्रम लावता येतो, पण डेटाबेसमध्ये एकही टेबल नसतानाच. रिकामा डेटाबेस हाती असतो तो हाच क्षण. मात्र त्या क्रमात शून्य रुंदीचा जोडक (जोडाक्षराचं रूप बदलणारं, न दिसणारं चिन्ह) साधारणपणे धरलाच जात नाही, त्यामुळे ‘दर्या’ आणि ‘दर्‍या’ एकच ठरू शकतात. नावाच्या कॉलमवर युनिक बंधन असेल तर ते आधी ग्राहकाच्या कोडवर हलवा.

राहिला प्रश्न पेनड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअपचा. अपग्रेडनंतरही कोणीतरी गेल्या दिवाळीची फाइल रिस्टोअर करायला आणणारच. एमव्हीस्टोअरच्या (एच२ च्या साठवण इंजिनच्या), म्हणजे .एमव्ही.डीबी फाइलचे पहिले ४०९६ बाइट वाचले तर त्यात ‘फॉरमॅट’पुढे आकडा साध्या मजकुरात सापडतो: १.४.२०० साठी १, २.० आणि २.१ साठी २, २.२ पासून ३. फाइल एन्क्रिप्ट केलेली असेल तर हे दिसत नाही. आमची रिस्टोअर स्क्रीन आधी हा आकडा पाहते, आणि १ दिसला की वरच्या दोन्ही पायऱ्या चालवते. म्हणून १.४.२०० ची जार इन्स्टॉलरमधून काढलेली नाही. ती वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त त्या स्वतंत्र प्रोसेसपुरती, ठेवली आहे.