पाच ज्वालामुखींचं नाणं आणि बारुंदियांचं पान

मध्य अमेरिकेतल्या पाच राज्यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या संघराज्याच्या नाण्यांचा माझा अल्बम आहे, दर अध्यक्षाला एक पान; त्यातलं तिसरं पान अखेर लागलं. आर्से आणि बेल्त्रानेना हे पहिले दोघे मागेच झाले होते. होसे फ्रान्सिस्को बारुंदियांनी मात्र दोन महिने घेतले.

या नाण्यांवर कुणाचाच चेहरा नाही. प्रमुख बदलले तरी एका बाजूला तेच पाच घटकराज्यांचे पाच ज्वालामुखी आणि उगवता सूर्य, दुसऱ्या बाजूला सेइबाचं, म्हणजे आपल्या पांढऱ्या सावरीचं झाड. त्यामुळे माणूस सांगायचा तो शेजारच्या कार्डावरच.

माझं नाणं १८३६चं, आठ रेआलचं (रेआल हे तिथलं जुनं चलन), ग्वातेमालाच्या टांकसाळीतलं. भिंगाखाली झाडाभोवतीचं 'लिब्रे क्रेस्का फेकुन्दो' स्वच्छ वाचता येतं: मुक्त राहून फळत-फुलत वाढो. 'क्रेस्का'त झेडऐवजी एस आहे, तिथे बोलतात तसाच. पुढे '१० दिनेरो २० ग्रानो' हा कस. बारा दिनेरो म्हणजे निखळ चांदी, तेव्हा ही साधारण नव्वद टक्के.

आता कार्डावरचा मजकूर. जन्म १७८७, ग्वातेमाला सिटी. स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १८१३च्या बेलेनच्या कटात सापडले, मृत्युदंड झाला आणि सहा वर्षं लपून काढली. १८२५मध्ये उपाध्यक्षपद चालून आलं, ते नाकारलं. १८२९मध्ये उदारमतवादी सेनानी मोरासान यांच्या फौजेने राजधानी घेतली आणि जूनमध्ये हंगामी अध्यक्षपद बारुंदियांकडे आलं. त्याच वर्षी आर्चबिशप आणि अनेक मठांतले साधू देशाबाहेर धाडले गेले; हे मी कार्डावर ठळक लिहिलंय, कारण पुढच्या असंतोषाचं एक मूळ तिथे आहे. निवडणुकीत मोरासान निवडून आले आणि सप्टेंबर १८३०मध्ये बारुंदियांनी खुर्ची सोडली. लष्कराच्या जोरावर सत्ता फिरण्याच्या त्या काळात हे मला फार मोठं वाटतं.

पण सगळ्यात जास्त जागा दिली ती त्यांच्या भाषांतराला. लुइझियानासाठी एडवर्ड लिव्हिंगस्टन यांनी रचलेल्या कायद्याच्या संहिता त्यांनी स्पॅनिशमध्ये आणल्या. १ जानेवारी १८३७पासून ग्वातेमालात ज्युरीपुढे खटले चालू लागले. खेड्यांत ज्युरीवर बसायला लिहिता-वाचता येणारी माणसं मिळेनात, नव्या तुरुंगांसाठी लोकांना वेठीला धरलं गेलं. त्याच वर्षी कॉलरा आला, सरकारनेच पाण्यात विष कालवलं अशी वावडी उठली आणि खेडुतांचा पुढारी कारेरा याचं बंड पेटलं. एवढं होऊनही ग्वातेमाला राज्याचे प्रमुख गाल्वेस यांच्या सरकारच्या दडपशाहीला बारुंदियांनी विरोध केला, आपल्याच उदारमतवादी पक्षाचं सरकार असूनही. पक्ष फुटला, संहिताही गेल्या. ही ओळ लिहिताना हात जड झाला.

१८५४मध्ये होंडुरासचे राजदूत म्हणून अमेरिकेत गेले असताना न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

पुढचं पान मोरासान यांचं. त्यांचा जन्म तेगुसिगाल्पाचा, म्हणून तिथल्याच टांकसाळीचं, 'टी' खुणेचं नाणं हवंय. झिजलेलं चालेल, खूण वाचता आली पाहिजे. कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा.