आमची वाटचाल : मांगरातली मोटार

सावंतवाडीपासून थोड्या अंतरावर आमचं घर आणि घरामागे मांगर, म्हणजे गवत-सामान ठेवायची शेड. २०१४ साली मुंबईची नोकरी सोडून आलो तेव्हा मांगरातलं गवत बाहेर काढलं, कोबा घातला आणि जुन्या बाजारातून आणलेलं लाकूड तासायचं दोन एचपीचं रंधा मशीन तिथे बसवलं. पाट, चौरंग, देव्हारे करायचे, एवढंच ठरलं होतं.

मशीन थ्री फेजचं, म्हणजे विजेच्या तीन तारांवर चालणारं, ४१५ व्होल्टचं. घरात सिंगल फेज, म्हणजे एकच तार, २३० व्होल्ट. अशी मोटार कपॅसिटर लावून चालवतात, तशी आम्हीही चालवली. रिकामी छान फिरायची. फणसाची फळी सरकवली की मात्र आवाज बसायचा. चालू करताना स्वयंपाकघरातला दिवा मंद व्हायचा. एका दुपारी मांगरात जळक्या वार्निशचा वास पसरला आणि मोटार गेली.

रिवाइंडिंगवाल्या काकांनी ती उघडून दाखवली. आतल्या तांब्याच्या तारेची एका बाजूची वेटोळी कोळशासारखी काळी, उरलेली अजून तांबूस. म्हणाले, "मोटार वायट नाय रे, तिका पुरो करंट गावलो नाय." कपॅसिटर तिसऱ्या फेजची नुसती सोय करतो. तिन्ही वेटोळ्यांत सारखा भार राहत नाही, ताकद पुरी मिळत नाही आणि भार टाकला की वेटोळी तापतात.

मग त्यांनी जे केलं, त्यावर आमचा धंदा उभा आहे. या मोटारीची वेटोळी आत स्टारमध्ये, म्हणजे तिघांचं एकेक टोक एकत्र बांधून, जोडलेली होती आणि बाहेर तीनच वायरी येत होत्या. स्टारमध्ये ४१५ व्होल्ट दिले की प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला २४० येतात. काकांनी नवीन वाइंडिंग करताना सहाही टोकं बाहेर काढली, टर्मिनलच्या डबीत पितळी पट्ट्या आडव्याच्या उभ्या लावल्या आणि जोडणी डेल्टा, म्हणजे एकाचं टोक पुढच्याला लावून त्रिकोणी, केली. आता २३० व्होल्ट थ्री फेज दिले तरी वेटोळ्याला हवं ते मिळतं. ते देतो ड्राइव्ह, म्हणजे व्हीएफडी. आत सिंगल फेज घेतो, बाहेर थ्री फेज काढतो.

ड्राइव्ह लावल्यावर मोटार हळूहळू वेग घ्यायला लागली आणि दिवा मंद होणं थांबलं. पण पूर्ण भारावर ड्राइव्ह सिंगल फेजमधून चौदा-पंधरा अँपियर ओढतो, म्हणून मीटरपासून मांगरापर्यंत वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि नवीन अर्थिंग घेतलं, मंजूर भार वाढवून घेतला. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये स्विच ठेवला नाही. चालू ड्राइव्हची मोटार मध्येच तोडली तर ड्राइव्ह उडू शकतो. भुसा आणि कोकणातली दमट हवा दोन्ही त्याला सोसत नाहीत, म्हणून तो बंद पेटीत. दर रविवारी पेटी उघडून मी स्वतः कोरड्या ब्रशने साफ करतो.

पट्टा करवतीलाही असाच स्वतंत्र ड्राइव्ह लावला. पुढे दारं-चौकटींची कामं यायला लागली आणि फळ्या एकसारख्या जाडीच्या करणारं पाच एचपीचं थिकनेस मशीन घ्यावं लागलं. तिथे ही युक्ती चालत नाही. आपल्याकडच्या तीन एचपीच्या वरच्या मोटारी बहुतेक करून ४१५ व्होल्टलाच डेल्टात जोडलेल्या असतात, त्यांना २३० पुरत नाहीत. म्हणून थ्री फेजचा अर्ज केला. बऱ्याच हेलपाट्यांनंतर मीटर बसला. थ्री फेजचा धोका निराळा: एक फेज गेला तर चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर घुमत राहते आणि जळते. म्हणून फेज गेला की मोटार बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावल्याशिवाय मी त्या मशीनचं बटण कुणाला दाबू दिलं नाही.

आज मांगरात आम्ही चौघे काम करतो. थ्री फेज आला तरी जुनं रंधा मशीन मी ड्राइव्हवरच ठेवलं आहे. पावसाळ्यात वाऱ्याने फेज जातो, मोठं मशीन थांबतं. मी फेज बदलायचा चेंजओव्हर स्विच फिरवून ड्राइव्हला चालू फेज देतो आणि पाटाच्या फळ्या रंध्यावर घेतो.